बजाबाईच्या हातचे व्हॉल्व

मंद्रूपला जाणाऱ्या मोटारीचं इंजन दम सोडत नाही, म्हणून सोलापुरात महिपती मिस्त्रीचं मोठं नाव. पण हिवतापापासून मिस्त्रीचे हात थरथरायचे. तो इंजनाचं डोकं उतरवून घरी आणायचा. मग त्याची बायको बजाबाई व्हॉल्वला खरखरीत मलम लावून, त्यावर बसवलेली लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत ताकाच्या रवीसारखी फिरवायची. व्हॉल्व बैठकीत असा बसायचा की वाराही निसटू नये.

"कुटं बोलू नगंस," महिपती म्हणायचा.

"बोलून कोण पगडी बांधणार हाय मला?"

महिपती गेला. पोटासाठी बजाबाई दांडी घेऊन तो कामाला होता त्या गॅरेजात गेली.

"मालक, व्हॉल्व मीच बसवत हुते की. ते काम मला द्या."

गंगाधरशेठ हसले. "बजाबाई, तू आपलं ताक घुसळावंस. महिपतीसारखा हात आता मिळायचा नाही." त्यांचे डोळेसुद्धा भरून आले. दांडी त्यांनी मिस्त्रीची आठवण म्हणून ठेवून घेतली, आणि बजाबाईला झाडलोट दिली.

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत दांडीला झेंडूची माळ पडली. खालची जमीन बजाबाईनंच सारवली होती.

"मावशी, मिस्त्रीच्या दांडीला हात जोडा की," गडी म्हणाले.

बजाबाईनं शेणाचे हात धुतले आणि जोडले.