ताईंनी एफटीपी बंद केलं तेव्हा

कामतघरच्या आमच्या ऑफिसात साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनायची. त्यांची फाइल कार्ड पंच करणाऱ्यांकडे गेली, की ते पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. त्या भोकांच्या हिशेबानं लूमवर वेलबुट्टी उतरायची. आधी फ्लॉपी रिक्षानं पाठवायचो. मग ताईंनी एफटीपी सुरू केलं. आम्ही फाइल सर्व्हरवर टाकायची, समोरच्यानं टेलिफोनच्या लाइनवरून ती उतरवून घ्यायची.

ताई आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख; मी त्यांच्या हाताखाली डिझाइनं तपासायचो. खाडीकडच्या शेतकरी घरातल्या. शिकलात कुठे, असं विचारलं तर म्हणायच्या, "पुस्तक व्हतं, मशीन व्हतं. आणखी काय लागतं?"

दोन हजार आठच्या सुमारास ताई स्वतःच मालकांकडे, शेठकडे गेल्या आणि म्हणाल्या, एफटीपी बंद करू या. त्यात पासवर्ड उघडाच जायचा, वाटेत कोणालाही वाचता आला असता. त्याऐवजी सुरक्षित वेबसाइट करायची. मला नवलच वाटलं. पाच वर्षं जिवापाड सांभाळलेली गोष्ट होती ती.

"मी केली म्हणून ठेवायची का?" त्या म्हणाल्या. "आता ती बरोबर न्हाय."

महिनाभरात सगळे पंचवाले नव्या साइटवर आले, असं आम्ही धरलं. शनिवारी बंद करायचं ठरलं. शुक्रवारी ताईंनी सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी उघडल्या, तर रोज सकाळी साडेआठला एक जण अजूनही एफटीपीवर येत होता. टेमघरचे एक चाचा.

"त्यांना मी फोन केला होता," मी म्हणालो.

"उचलला कोणी?"

"पुतण्यानं."

"मग पुतण्याला कळलं. चल, रिक्षा बघ."

चाचा साठीच्या पुढचे. पंचिंग मशीनशेजारी जुना कॉम्प्युटर, त्याच्या काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, आणि भिंतीवर फाइल उतरवायच्या इंग्रजी हुकमांचा दहा ओळींचा कागद. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरांचे आकार कागदावर बघायचे आणि तसेच कीबोर्डवर शोधून दाबायचे. पाच वर्षांत त्यांची एकही फाइल चुकली नव्हती.

"चाचा, ये सब बिना पढ़े?" ताईंनी विचारलं.

"बेटी, छेद देखके फूल पहचान लेता हूँ. ये तो दस लाइन है."

ताईंनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग शेठना फोन करून आठ दिवस मागून घेतले. शेठ चिडले, एका माणसासाठी कशाला म्हणाले, पण ताई हटल्या नाहीत.

रोज सकाळी आम्ही दोघं आधी टेमघरला, मग ऑफिसात. चाचांनी माऊस कधी धरलाच नव्हता. टेबल संपलं तरी त्यांचा हात पुढेच जायचा. एकदा न राहवून मी माऊस घ्यायला गेलो, तर ताईंनी माझं मनगट धरलं. "त्यांचा हात शिकतोय. तुझा न्हाय."

शनिवारीच ताईंच्या लक्षात आलं, की अडचण माऊसची नाहीच. एफटीपीवर त्यांची फाइल रोज त्याच नावानं यायची; साइटवर मात्र सगळ्या फाइलींची वेगवेगळी इंग्रजी नावं होती, ती चाचांना सारखीच दिसत. रविवारी घरी बसून ताईंनी प्रत्येक नावाच्या जागी त्या डिझाइनचं छोटं चित्र लावलं.

सोमवारी चाचांनी स्क्रीन पाहिला आणि पहिल्यांदा हसले. आपलं डिझाइन त्यांनी लगेच शोधलं, पण ते उतरवून घेईनात.

"इसमें तीसरी पंखुड़ी उलटी है," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं. तिसरी पाकळी खरंच उलटी होती. डिझाइन मीच तपासलेलं. एरवी ही चूक कार्डं पंच होऊन, कापड विणून निघेपर्यंत दिसली नसती. ताईंनी तिथूनच फोन करून फाइल दुरुस्त करून घेतली.

त्यानंतर इतर पंचवाल्यांनाही चित्रं फार आवडली. डिझाइन काढणारी मुलंसुद्धा शंका आली की म्हणायची, चाचांना एकदा दाखवून घ्या.

ठरल्या दिवशी ताईंनी स्वतः एफटीपी बंद केलं. नोंदींचं पान दहा मिनिटं उघडं ठेवलं. एकही ओळ आली नाही. "चांगलं चाललं हो पाच वर्षं," त्या हळूच म्हणाल्या, आणि डबा उघडून जेवायला बसल्या. पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, हुशार माणसं पुष्कळ पाहिली. आपलंच काम इतक्या मायेनं संपवणारं माणूस मात्र पुन्हा भेटलं नाही.