आधी छप्पर, मग चित्र

ढोबळे सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गोष्ट पन्नासच्या दशकातली. सर वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवीत. त्यांनी विद्यार्थ्यांचे चित्रपट मंडळ काढल्याची आणि ते खेड्यात चित्रपट करणार असल्याची सूचना फळ्यावर वाचून मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "खेड्यात वीज नाही, आणि तिथं सिनेमा काढणार?" सरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. उजेडाचं खातं तुमच्याकडेच ठेवू." तोंडाळपणाची एवढी गोड शिक्षा मला पुन्हा मिळाली नाही. तेव्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिलो, तो पुढे पोटापाण्यासाठीही तिथेच राहिलो.

आमचा चित्रपट प्रौढांच्या साक्षरता वर्गावर होता. सिंदीजवळच्या एका गावातल्या सरूबाई, एकट्या राहणाऱ्या विधवा, त्या वर्गात वयाने सर्वांत मोठ्या. चित्रपटातही त्या स्वतःच होत्या. कॅमेरा नागपूरच्या एका फोटोवाल्याने केवळ सरांच्या शब्दावर दिला होता आणि मी सांगतो त्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तो परत करायचा होता. बाहेरची सगळी दृश्ये झाली. उरले एकच: सरूबाई चुलीपाशी बसून पाटीवर पहिल्यांदा आपले नाव लिहितात. हे नसेल तर चित्रपटाला शेवटच नव्हता.

आणि त्या स्वयंपाकघरात खिडकी नव्हती. गॅसबत्ती लावून पाहिली, पण तेवढ्या उजेडात फिल्मवर काही उमटेना. सरांनी वर्ध्याच्या एका केशकर्तनालयातून आरसे मागून आणले. ते अंगणात धरून आम्ही ऊन आत फेकू लागलो, तर ते सरूबाईंना सोडून लोणच्याच्या बरणीवर पडे. शेवटी चुलीवरचे छप्पर उघडायचे ठरले. मे महिना होता. गावात कवेलू, म्हणजे छपराची कौले, पावसाआधी काढून फेरण्याचे दिवस. सरांनी सरूबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काढा, पण होते तसे बसवून देजा. मले वर चढता येत नाई." सरांनी शब्द दिला.

कवेलू उतरले, ऊन थेट चुलीपाशी आले, मी कॅमेरा लावला, आणि पश्चिमेकडून वावधन सुटले. धुळीचा लोट उठला, मागून काळे ढग. सूर्य अजून झाकला नव्हता. मी हातापाया पडून म्हणालो, "सर, दोनच मिनिटं. एवढं घेऊ द्या."

"नाही. आधी छप्पर."

"सर, उद्या कॅमेरा जाणार."

एरवी शुद्ध बोलणारे सर त्या दिवशी घरच्या बोलीवर आले. "जाऊ दे. त्या बाईनं आपल्याले घर उघडून देलं, अन् तू तिच्या पिठात पाणी पाडतं काय? चढ वर."

स्वतः धोतर खोचून ते माझ्याआधी चढले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटले, ते या गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही. शेवटचे कवेलू बसते न बसते तोच टपोरे थेंब पडू लागले. आत पिठाचा डबा, गोधडी, चूल, सगळे कोरडे होते. आमचा चित्रपट मात्र बुडाला, असे धरून मी भिंतीला टेकून बसलो. सर माझ्या शेजारी येऊन बसले.

पाऊस आला तसा गेला. सूर्य उतरून ढगांच्या खाली आला होता, आणि त्याचे तिरपे ऊन पश्चिमेच्या दारातून सरळ चुलीपर्यंत, सरूबाईंच्या चेहऱ्यावर पडले. मी धडपडत कॅमेऱ्याकडे धावलो. सरूबाईंनी सावकाश नाव लिहिले, पाटी समोर धरली आणि दृश्य संपल्यावर दाराकडे पाहत म्हणाल्या, "ऊन दारातूनच येत होतं, त माह्ये कवेलू काऊन काढले जी?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्याही जिवात जीव आला.

अशी माया सरांनी कितीजणांना लावली याची गणती नाही. मी वसतिगृहात तापाने फणफणलो तेव्हा ते उशाशी बसून इतिहास वाचून दाखवीत; झोप लगेच लागे, हे त्यांना मी आज प्रथमच सांगतो आहे.

फिल्म मुंबईहून धुऊन येईपर्यंत मला अन्न गोड लागले नाही. कॉलेजच्या भिंतीवर ती दाखवली, सरूबाईंचा उजळलेला चेहरा दिसला, पाटीवरचे नाव लख्ख वाचता आले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अंधारात सर माझ्याकडे वाकले. मला वाटले, शाबासकी देणार.

"अरे," ते हळूच म्हणाले, "आता पावसाळा लागला. बाईंच्याकडे गळत तर नाही ना? उद्या जाऊन बघून ये."

सर आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी असेच कुणाकुणाच्या घरी पुष्कळ वर्षे पाठवीत राहावे.