नाव घेतात की नावं ठेवतात

प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीताई म्हणत. बावीस वर्षं एकाच बुरशीच्या मागे लागलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? कापडाच्या कारखान्यांतून येणाऱ्या सांडपाण्यातला रंग ही बुरशी खाते, यावर तिचे एकवीस शोधनिबंध होते. वीस निबंधांत बुरशीने जेमतेम चिमूटभर रंग खाल्ला होता, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एकात मात्र बुरशीने पाणी पार नितळ केलं होतं, आणि त्या निबंधाचा इतर संशोधकांनी तीनशे चाळीस वेळा उल्लेख केला होता. रोज सकाळी चहा पिता पिता ती संगणकावर तो आकडा बघायची. तो एकाने जरी वाढला तरी दिवस बरा जायचा. आई तर शेजारणींना सांगून थकत नव्हती, "तीनशे चाळीस लोक माझ्या मुलीचं नाव घेतात!"

यंदा प्राध्यापक होण्याची तिची शेवटची संधी होती; पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. अर्जात एक रकाना होता: सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधाचं महत्त्व, शंभर शब्दांत. एवढे शब्द आणायचे कुठून, म्हणून रविवारी दुपारी तिने उल्लेख करणाऱ्यांचे निबंध उघडले. अकरा वर्षांत ते वाचावेत असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आकडा होता ना!

पहिला म्हणत होता, 'हा निष्कर्ष आम्हाला मिळाला नाही.' दुसराही तेच. तिसऱ्याने 'आश्चर्यकारक' असा शब्द वापरला होता, आणि तो काही कौतुकाने नव्हे. पंधराव्यापर्यंत तिचं डोकं चक्रावलं. सगळेच कसे चुकतील? पण पाणी तर तिच्या डोळ्यांदेखत नितळ झालं होतं, तेही तीनदा! तिने जुनी वही काढली. तारखा, मोजमापं, सगळं जागच्या जागी. चूक सापडेना, आणि चूक नाही असंही म्हणवेना.

"आई, अगं ते नाव घेत नाहीयेत. नावं ठेवतायत."

आई दोरीवर कपडे वाळत घालत होती. "सगळे?"

"निम्मे तरी. बाकीच्यांनी वाचलेलंच नाहीये, एकमेकांचं बघून लिहिलंय."

"मग तू तरी कशाला वाचतेस? हा तुझा निळा शर्ट घे, उलटा करून वाळत घाल. उन्हानं रंग उडतो."

ती शर्ट हातात धरून तशीच उभी राहिली. मग वहीकडे धावली. समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'उबवणयंत्र बंद. बाटल्या खिडकीत ठेवल्या.' एरवी त्या यंत्राच्या उबेत, अंधारात असायच्या. आणि तुलनेसाठीची, बुरशी न घातलेली बाटली? तिला खिडकीत जागा पुरली नव्हती. ती कपाटात होती.

सोमवारी तिने दोन बाटल्या उन्हात ठेवल्या, एक बुरशीची, एक नुसत्या रंगाची. शुक्रवारी दोन्ही नितळ झाल्या, नुसत्या रंगाची जरा जास्तच. तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. आपल्याला नेमकं काय होतंय ते तिचं तिलाच कळेना. विभागप्रमुख म्हणाले, "आत्ताच कशाला बोलता? आधी अर्ज जाऊ दे. समिती वाचते थोडीच, आकडा बघते." तेही खोटं नव्हतं. तिनेसुद्धा अकरा वर्षं तेच केलं होतं.

शनिवारी, मुदतीच्या दिवशी, तिने रकान्यात लिहिलं: 'रंग बुरशीने नाही, उन्हाने उडाला होता. चूक माझी. तसा नवा निबंध पाठवत आहे.' तेरा शब्द झाले. उरलेल्या सत्त्याऐंशी शब्दांचं काय करायचं, ते काही सुचेना.

आईने खांद्यावरून वाकून वाचलं. "नव्या निबंधात जुन्याचा उल्लेख करावा लागतो का गं?"

"लागतो ना."

"म्हणजे तीनशे एक्केचाळीस झाले की."

बुरशीताईने अर्ज पाठवून दिला. आकडा एकाने वाढणार होता. तरी दिवस बरा गेला की वाईट, हे तिला संध्याकाळपर्यंत काही ठरवता आलं नाही.