दोरी नसलेला पंखा

मी आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवलं. भूतखेत, भानामती, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी पहिला प्रश्न विचारायची, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "मी नाही, आमच्या मावशीच्या नणंदेनं." त्यामुळे या सदरातले अनुभव मी चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचते — मजेत, आणि विश्वास न ठेवता. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. ती मी स्वतः पाहिली, पूर्ण शुद्धीत, बारा माणसांच्या पंगतीत बसून.

नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची, हिंगणघाटला मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. गावाबाहेर अल्लीपूरच्या वाटेला एक बंगला होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळात सरकी काढायच्या जिनवर एक इंग्रज इंजिनिअर होता, त्यानं बांधलेला. लोक त्याला 'जिनवाल्याचा बंगला' म्हणत. साहेब कधीच विलायतेला गेला होता, पण सामान जसंच्या तसं होतं — मच्छरदाणीचा उंच पलंग, निम्मे सूर हरवलेला पियानो, पायांवर उभा असलेला न्हाणीचा टब, आणि चोवीस माणसांची काचेची भांडी, त्यातली सतरा शाबूत.

ज्या कचेरीच्या ताब्यात तो बंगला होता, तिचं नाव घेत नाही. त्यांनी तो पाडून सागवान काढायचं ठरवलं होतं. आमचे चित्रकलेचे पिंपळखुटे सर ते ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी अर्ज केला आणि एका वर्षाची मुदत मिळवली. "एवढ्या वर्षात लोक येऊन पाहतील असं काही करून दाखवा," असं त्या कागदावर लिहिलेलं होतं.

आम्ही करून दाखवलं. दर रविवारी टूर. टूर द्यायचं काम माझं. रोहणा, समुद्रपूर, कुठून कुठून बैलगाड्या करून माणसं यायची. टब पाहून हमखास कुणीतरी विचारायचं, "यात सरकी भिजू घालत होते का?" आणि महिन्यातून एकदा 'साहेबी जेवण'. ही कल्पनाही सरांचीच. लांब टेबल, मेणबत्त्या, काटे-चमचे, आणि वाढायला आमचे शाळामास्तर, लग्नाच्या बँडवाल्यांचे लाल कोट मागून आणून घातलेले. स्वयंपाकी किसनभाऊ. ते रेल्वेच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये वीस वर्षं होते. त्यांचं टोमॅटोचं सूप म्हणजे आपलं सारच, फक्त फोडणी न दिलेलं. मग बटाट्याचे कटलेट, मग पुडिंग. आणि आत एक पातेलं वरणभाताचं तयार असायचंच, कारण पुडिंग खाऊन झालं की निम्मी मंडळी हळूच विचारायची, "जेवण केव्हा आहे?"

टेबलाच्या वर छताला पंखा होता. विजेचा नाही... बंगल्यात वीज नव्हतीच. एक लांब आडवी लाकडी दांडी, तिला झालर लावलेलं जाड कापड. दांडीला बांधलेली दोरी कप्पीवरून भिंतीतल्या भोकातून मागच्या व्हरांड्यात जायची. तिथे माणूस बसून ती ओढायचा, की आत वारा. आमच्या जेवणाच्या दिवशी शेजारच्या शेतावरचे सुकाजी हे काम करायचे.

वर्ष संपत आलं आणि एप्रिलमध्ये नागपूरहून मोठे साहेब बंगला पाहायला येणार असं कळलं. पाडायचा की ठेवायचा, ते त्यांनी ठरवायचं होतं. सर म्हणाले, "त्यांना नुसता दाखवायचा नाही. त्यांना इथे जेवायला बसवायचं."

आता वर्ध्याकडचा एप्रिल तुम्हाला ठाऊक असेल. सूर्य बुडला तरी भिंती तव्यासारख्या. म्हणून त्या दिवशी पंखा सगळ्यात महत्त्वाचा होता. दुपारी मी तपासायला गेले तर दोरी कप्पीपाशी झिजून धाग्यावर आलेली. ऐन जेवणात तुटायला नको म्हणून मी टेबलावर चढून ती सोडवली आणि बाजारातून नवी आणली. ती स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली आणि किसनभाऊंना सांगितलं, "सुकाजी आले की त्यांना बांधायला सांगा." मग मी फुलं, मेणबत्त्या, सरांच्या कोटाचं तुटलेलं बटण यांत पार बुडाले.

सहाला पाहुणे बसले. साहेब, त्यांच्या पत्नी कमलताई, गावातली प्रतिष्ठित मंडळी, सर आणि मी, मिळून बारा. सूप आलं. साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. तेव्हा मी वर पाहिलं. पंखा स्थिर होता. मी दाराशी उभ्या असलेल्या किसनभाऊंकडे पाहिलं. ते वाकून कानाशी कुजबुजले, "बाई, सुकाजीची म्हैस व्याली. तो काई येत नाई आज. आताच सांगावा आला."

मी उठणार, तोच वर कापड सळसळलं. पंखा एकदा इकडे गेला, एकदा तिकडे, आणि मग छान संथ लयीत चालायला लागला. साहेबांनी डोळे मिटून वारा घेतला. "वा," ते म्हणाले, "हे म्हणजे खरंच जुन्या काळात आल्यासारखं वाटतं."

मला वाटलं, लाल कोटवाल्यांपैकी कुणीतरी प्रसंग ओळखून मागे जाऊन बसलं. नवी दोरी बांधली कुणी, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातच आलं नाही. मनातल्या मनात मी त्याचे आभार मानले आणि कटलेटला काटा लावला.

तो माणूस, जो कोण असेल तो, भलताच हुशार होता. कमलताईंनी पदरानं कपाळ टिपलं की पंख्याचा वेग वाढे. मेणबत्त्या फडफडल्या की कमी होई. नंतर पिंपळखुटे सर भाषणाला उभे राहिले. सर फार चांगले, पण भाषणात ते मोहेंजोदारोपासून सुरुवात करत. पाच मिनिटं झाली, सात झाली, ते अजून अशोकाच्या स्तंभाशीच होते... आणि पंखा थांबला. हळूहळू नाही. एकदम. सगळ्यांना घाम फुटला. सरांनी वर पाहिलं, खोकले आणि म्हणाले, "तर थोडक्यात, बंगला राहावा." ते खाली बसले आणि पंखा सुरू झाला. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुडिंग आल्यावर कमलताईंनी स्वतःची बशी उचलली. "हा पंखेवाला कोण आहे? त्याला मी माझ्या हातानं देऊन येते," त्या म्हणाल्या. मी त्यांना घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले.

बाहेर अजून उजेड होता. पश्चिमेला आकाश तांबूस, झाडाचं पान हलत नव्हतं. भिंतीपाशी पंखा ओढणाऱ्याचं बुटकं स्टूल होतं. त्यावर कुणी नव्हतं. भिंतीतल्या भोकातून दोरी बाहेर आलेली नव्हती. भोक रिकामं होतं, त्यातून आतल्या मेणबत्त्यांचा उजेड दिसत होता. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि खुंटीवर माझी नवी दोरी तशीच, वाण्यानं गुंडाळून दिली होती तशी.

मी मागे वळून दारातून जेवणघरात पाहिलं. लाल कोटवाले चौघेही आत वाढत होते. आणि पंखा चालू होता.

मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. आधी राग आला. पंखा असा चालूच शकत नाही. लंबक हलवून सोडला तर तो हळूहळू थांबतो, हे मी त्याच आठवड्यात सातवीला शिकवलं होतं.

कमलताईंनी स्टुलाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आत पंख्याकडे पाहिलं. त्या जराही बिचकल्या नाहीत. बशी स्टुलावर ठेवली, चमचा नीट उजव्या हाताला लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दमला असाल. खाऊन घ्या."

आत पंखा थांबला.

"चला," त्या मला म्हणाल्या, "आपण तोवर वरणभात खाऊ." टेबलाशी परत बसल्यावर त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "हे घर पाडू नका हं." साहेबांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी बंगला राखण्याचा लेखी हुकूम आला. सर तो कागद घेऊन शाळेभर फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतलं घड्याळ घेऊन बंगल्यावर गेले. पंखा हातानं ढकलला, सोडून दिला आणि मोजलं. नऊ वेळा हलून तो थांबला. पुन्हा केलं, पुन्हा नऊ. सगळी दारं-खिडक्या उघडून वाऱ्यानं हलतो का पाहिलं. कापडाची झालर हलली, दांडी नाही. छतावर चढून कुठे दुसरी दोरी, तार, काही आहे का तेही पाहिलं. साडी फाटली, मिळालं काहीच नाही. बशी रिकामी होती, पण तिथे मांजरं होती, म्हणून ते मी पुराव्यात धरत नाही.

किसनभाऊंना मात्र कशाचं नवल नव्हतं. "साहेबाच्या टायमाले जो पंखा वढे, तोच असंन," ते म्हणाले. "तुमी काऊन डोक्स फोडून राह्यल्या बाई? काम तं झालं ना?"

मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. आणि मग पावसाळ्याआधीच्या एका रविवारी टूरला एक म्हातारी आली. वेणूबाई नाव, अल्लीपूरहून मुलाच्या गाडीतून आलेली. मी नेहमीप्रमाणे साहेब कुठे झोपायचा, त्याची मडम पियानो कुठे वाजवायची ते सांगत होते. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पोरी, मले माह्या बापाची जागा दाखव. तो इथं पंखा वढे."

इतके महिने मी लोकांना तो पंखा दाखवत होते, आणि तो ओढणारा कोण होता हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी खजील होऊन तिला व्हरांड्यात नेलं. तिनं स्टुलावर हात फिरवला. मग मला राहवलं नाही, मी तिला ते सगळं सांगितलं — कमलताईंचा पदर, सरांचं भाषण, थांबलेला पंखा. मला वाटलं, ती डोळ्यांना पदर लावेल.

ती पोट धरून हसली. "अवं, माहा बाप नोहे तो," ती म्हणाली. "भाषणाले तो काह्याचा कटाळते? तो ठार बहिरा होता. म्हणून तं साहेबानं ठेवला, घरातलं काई आयकू नाई म्हणून. अन् भिंतीतून त्याले दिसे का? दोरी वढे तो, येका चालीनं, दिवसभर. कोनाले घाम आला, कोन बोलून राह्यलं, त्याले काई पत्ता नसे."

म्हणजे किसनभाऊंचा खुलासाही गेला. भूत मानायची माझी थोडीफार तयारी झाली होती, तर तेही हातचं गेलं.

वेणूबाई स्टुलावर बसली आणि आता बांधलेल्या नव्या दोरीचं टोक तिनं हातात घेतलं. "लहानपनी बापाचा हात दुखला का मी वढो," ती म्हणाली. "जाय, आत बस. मोठ्या साहेबाच्या खुर्चीत बस."

मी जाऊन बसले. एकटीच, बारा खुर्च्यांच्या टेबलाच्या टोकाला. वर कापड सळसळलं, आणि थोड्या वेळानं माझ्या मानेवर वारा आला. एकसारखा, न वाढणारा, न थांबणारा.

त्यानंतर रविवारच्या टूरची सुरुवात मी मागच्या व्हरांड्यातून करत असे. बंगला टिकला, साहेबी जेवणंही पुष्कळ झाली. पंखा पुन्हा कधी आपणहून हलला नाही, आणि सरांची भाषणं पुन्हा लांबली. कमलताईंनी मला एकदा पत्र पाठवलं, त्यात त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नव्हतं, फक्त पुडिंगची कृती विचारली होती.

वेणूबाईनं ओढलेला वारा कुणाचा, ते मला माहीत होतं. त्या संध्याकाळचा वारा कुणाचा होता, ते आज ऐंशी उलटली तरी मला माहीत नाही. मुलींनी वर्गात प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, तर मी फळ्यावर तसं सरळ लिहायची. इथेही तेच लिहिते — माहीत नाही.