पॅनेलला घातलेला खंडेनवमीचा हार

कल्पना करा, उजाडायच्या वेळी तुमच्या हातात लांब दांड्याचा मऊ ब्रश दिला आहे. समोर सौर पॅनेलच्या रांगा. काचेवर बंद खाणीची तांबडी धूळ, तीही दवाने भिजून चिकटलेली. जोर लावलात तर ओरखडा उठेल, नाही लावलात तर धूळ हलणार नाही. आणि ऊन चढायच्या आत सगळं आटपायचं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. जमेल?

बाबलीला जमत होतं. मुळगावजवळच्या सौर प्रकल्पात तो कंत्राटावर होता. दसऱ्यानंतर कायम करू, असं सुपरवायझर दत्तप्रसादने त्याला सांगितलं होतं. त्याआधी अर्धं आयुष्य त्याने खनिजाचा ट्रक हाकला. त्यासाठीच तो दोडामार्गाहून डिचोलीत आला आणि इथलाच झाला. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजला, शेवटी भंगारात गेला. पन्नाशीनंतर मिळालेलं काम ते हे एवढंच.

खंडेनवमीला ट्रकवाले ट्रकला हार घालतात. तो हार कोणी उतरवत नाही. सुकून आपला आपण गळेपर्यंत तो तिथेच लोंबतो. पोटाला घालणाऱ्या वस्तूच्या अंगावरून हार ओढायचा कसा? यंदा ट्रक नव्हता. बाबलीने पॅनेलच्या चौकटीला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार खालच्या दांडीला बांधला, काचेला अजिबात लागणार नाही असा.

नेमके त्याच दिवशी कंपनीचे पाहुणे आले.

"अय्या, किती छान!" कॅमेरावाली बाई म्हणाली. "काका, हार जरा वर घ्या ना, काचेवर. फोटोत येत नाहीये."

बाबलीने दत्तप्रसादकडे पाहिलं.

"घ्या, काका, वर घ्या," दत्तप्रसाद हसत म्हणाला.

फोटो झाले, पाहुणे गेले. हार काचेवरच राहिला. बाबली रोज त्याच्या भोवतीने हलक्या हाताने पुसायचा. "काढूचो नाय," तो बायकोला, देवकीला म्हणाला. "सुकलो की आपणच पडतलो."

हार पडण्याआधी काच तडकली. हाराखालचा तुकडा करपून तपकिरी झाला होता. दत्तप्रसादने वाकून पाहिलं. "सावली पडली की तेवढाच तुकडा तापतो," तो म्हणाला, आणि वर कळवलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

"पण साहेब, वर घे म्हणून तुमीच सांगितलास..."

"घे म्हटलं. ठेव म्हटलं होतं?"

त्या दिवशी 'काका' होता, आज तो शब्दही गेला. पाण्याच्या पंपावरचा प्रवीण तेवढ्यात ओरडला, "बाबल्या, हार मेलेल्याच्या फोटोक घालतत रे! तू आधीच घालून मोकळो झालंस!" सगळे खदाखदा हसले. बाबलीही हसला. त्याच दुपारी त्याच्याकडून ब्रश आणि बूट काढून घेतले.

आठवड्याभराने प्रकल्पाच्या फाटकावर मोठा फलक लागला. हात जोडलेला बाबली, शेजारी झेंडू, खाली अक्षरं: 'परंपरेतून हरित उद्याकडे'.

देवकी बाजारातून येताना तो बघून आली. "फोटो कायम झालो तुजो," ती चुलीत लाकूड सारत म्हणाली. "तू ऱ्हवलंस भायर."

दुसऱ्या दिवशी बाबली फाटकाशी जाऊन उभा राहिला. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. तो आपल्याच फलकाखाली, उन्हात, दत्तप्रसादची गाडी येईपर्यंत थांबला.

"काम नाही म्हणून सांगितलंय ना?" दत्तप्रसाद गाडीतूनच म्हणाला.

"कामाक नाय इलंय. येक इचारूचा होता."

"काय?"

बाबलीने आतल्या रांगांकडे बोट केलं. पण गाडीची काच वर गेली आणि गाडी आत शिरली. तेव्हापासून तो चहाच्या गाड्यावर, बसस्टॉपवर, थोडंफार शिकलेला कोणी भेटला की त्यालाच धरतो. लोक हसतात, घड्याळ बघतात, निघून जातात. तो मात्र विचारत राहतो:

"बाकीचे दीसभर उन्हात होते, ते सगळे बरे आसत. सावलेत होतो तो येकटोच. मगे तोच कसो जळलो?"