श्रावणातला हॅश

श्रावण लागला आणि आमच्या पोस्टवर पोटभर खायला उरलं फक्त मटण.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो, ग्लेशियरवरच्या एका छोट्या पोस्टचा कमांडर. हाताखाली आठ जवान आणि एक लांगरी, म्हणजे आमचा स्वयंपाकी. सगळे महाराष्ट्रातले. राशन हेलिकॉप्टरने यायचं आणि आम्ही ते जवळच बर्फात डंप करून ठेवायचो. एका दुपारी वरचा कडा घसरला. तांदूळ, डाळ, पीठ, सगळा डंप गाडला गेला. कुकहाऊसच्या झोपडीत होतं तेवढंच वाचलं: मटणाचे डबे, थोडे बटाटे, कांदे, चहा, बिस्किटं. पाठोपाठ हवामान बिघडलं आणि हेलिकॉप्टर बंद झालं.

श्रावणात मटणाला हात कोण लावणार? एकानेही लावला नाही. मी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. आमच्या घरी श्रावणात अंड्याचं नाव काढलं तरी आई डोळे वटारायची. मीही दिवसाला एखादा बटाटा आणि चहात बुडवलेली बिस्किटं खात होतो आणि मोठी तपश्चर्या केल्याच्या थाटात मिशीवरून हात फिरवत होतो. शुद्ध वेडेपणा. एवढ्या उंचीवर भूक आधीच मेलेली असते. आठवड्याभरात माणसं वाळली, पण माघार घ्यायला कोणी तयार नव्हतं.

लांगरी नामदेव परतूरचा. ठेंगणा, बडबड्या, माझी चेष्टा करायला जराही न घाबरणारा. श्रावण मात्र आमच्यापेक्षा कडक पाळायचा. मटणाच्या डब्यांकडे बघून तो रोज हळहळायचा. म्हणायचा, "साहेब, श्रावण संपू द्या, असा हॅश करतो की घर विसराल."

हॅश हा शब्द मी त्याच्याच तोंडून ऐकला. आज नवीन जालन्यातल्या माझ्या घरी कोणी तो खाल्ला की पहिला प्रश्न नावाचाच येतो. म्हणून नामदेवने मला जे सांगितलं तेच सांगतो. त्याला ते त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. गोऱ्यांच्या पलटणीत गाईबैलांचं मांस खारवून डब्यात भरायचे. मिठाचे दाण्याएवढे खडे लावून ते टिकवायचे, आणि दाण्याला जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणत, म्हणून ते कॉर्न्ड बीफ. महायुद्धांत हा डबा खंदकाखंदकांत पोचला. किल्ली फिरवून उघडायचा आणि थंडच खायचा. हॅश म्हणजे उरलंसुरलं मांस चिरून बटाट्याबरोबर परतणं. ही रीत त्यांच्या घराघरांत आधीपासून होतीच, त्यात आता डबा आला. आपल्या जवानांना बीफ चालणार नव्हतं. आपल्या डब्यात मटण आलं, पण उस्तादाच्या कुकहाऊसात नाव हॅशच राहिलं.

मग लान्स नाईक दिलीप आजारी पडला. आधी खोकला, मग बसल्या जागी धाप. सकाळी ओठ निळे दिसले. फुप्फुसात पाणी होत होतं. यावर उपाय एकच, माणूस ताबडतोब खाली न्यायचा. मी रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी एक. सीरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"नेगेटिव्ह. वेदर बंद. मॅन्युअल इव्हॅक करा. डॉक्टर खालच्या कॅम्पवर तयार आहे. ओव्हर."

म्हणजे स्ट्रेचर खांद्यावर आणि दोराने एकमेकांना बांधून दिवसभर उतरण. मी जवानांना रांगेत फॉल इन केलं. एक जण बूट बांधायला वाकला आणि तिथेच बसला, त्याला उठता येईना. तेव्हा मला खरी भीती वाटली. दिलीप आजाराने नाही, आमच्या उपासाने मरणार होता.

मटण खा, असा हुकूम मी देऊ शकत होतो. दिला नाही. श्रावण मोडायचा हुकूम कोणत्या कमांडरने द्यायचा?

नामदेव स्टोव्हजवळून बोलला, "साहेब, ह्या पोराला खाली कोण नेणार? बिस्किटं?"

त्याने स्टोव्ह पेटवला.

"मंग मी करून राह्यलो. जल्दी ताटं काढा."

दगडासारखे गोठलेले बटाटे त्याने कुकरमध्ये शिजवले आणि मोठ्या फोडी केल्या. डब्यातलं मटण गरम न करता थंडच चिरलं. गरम केलं की मांसाचा लगदा होतो. जाड बुडाच्या कढईत कांदा लाल केला, घरून आणलेल्या पुडीतला येसर मसाला टाकला, मग बटाटे आणि मटण. ते उलथन्याने दाबून बसवलं आणि हात बाजूला घेतला. एक जवान ढवळायला पुढे झाला, तर नामदेवने त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नको. खाली खरपूस पापुद्रा धरला पाहिजे. हॅश पापुद्र्यावर असतो, न्हाई तर मंग ती बटाट्याची भाजी."

वास सुटला. सगळे जमिनीकडे बघत होते.

आमच्याकडे लांगरी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. कोणी तसा नियम लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. नामदेवने पहिलं ताट स्वतःचं भरलं. आमच्यासमोर मांडी घातली, देवाला हात जोडले आणि ताट साफ होईपर्यंत जेवला. मग तोंड पुसून म्हणाला, "पाप माझ्या नावावर लागलं. आता बिलकुल घाबरू नका. लाईन लावा."

लाईनीत पहिला मी होतो. इतकं चवदार जेवण मी आजवर जेवलो नाही. दिलीपलाही दोन घास भरवले.

दोघांना पोस्टवर ठेवून आम्ही निघालो. लांगरीचं स्ट्रेचर पार्टीत काम नसतं, तरी नामदेव खांदा द्यायला आला. अंधार पडायच्या आत आम्ही दिलीपला डॉक्टरच्या हवाली केलं. तो वाचला. आज त्याची मुलगी कॉलेजात आहे.

दुसऱ्या दिवशी परत चढताना नामदेव दोरात माझ्या पुढे होता. वर राहिलेल्यांना जेवायला कोण घालणार, म्हणून तो घाई करत होता. त्याच्या पायाखालचं बर्फ खचलं. खाली खोल भेग होती. दोर आम्ही सोडला नाही, त्याला वर ओढून काढलं. पण आत बर्फाच्या भिंतीवर डोकं आपटलं होतं. नामदेव गेला.

सुट्टी मिळाली तसा मी परतूरला त्याच्या घरी गेलो. वाटेत एकच प्रश्न छळत होता. श्रावण मोडला म्हणून आपला माणूस गेला, असं त्याच्या बायकोच्या मनात आलं तर? खोटं सांगावं, असंही वाटलं. वहिनींनी पाणी दिलं आणि नेमकं तेच विचारलं.

"भाऊजी, खरं सांगा. त्यांनी श्रावण पाळला का?"

"पाळला होता, वहिनी. मग मोडला. आम्ही कोणी खात नव्हतो, म्हणून आधी त्यानं खाल्लं."

त्यांनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"किती खाल्लं?"

"ताटभर. खालच्या कॅम्पवरही पोटभर जेवला."

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "उपाशी न्हाई गेले."