कार्यकर्त्यांचा कल

आमच्या गटात पक्षाचा उमेदवार कोण, हे मला आजवर फोनवरच कळत आलं होतं. ब्रह्मपुरीहून तालुकाध्यक्षांचा फोन यायचा, "भाऊ, नाव फायनल झालं, कामाले लागा," आणि मी कामाला लागायचो. भिंती रंगवायच्या, बूथवर बसायचं, म्हाताऱ्या माणसांना मतदानाला नेऊन आणायचं. उमेदवाराचं तोंड कधीकधी प्रचार संपता संपता दिसायचं. म्हणून या जिल्हा परिषदेच्या वेळी तालुकाध्यक्ष स्वतः गावात आले आणि यंदा उमेदवार कार्यकर्तेच निवडतील म्हणाले, तेव्हा आधी मला ते गंमत करताहेत असं वाटलं.

"खरंच सांगून राह्यलो," ते म्हणाले. "वरून आदेश हाये. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याले गटातले कार्यकर्ते निवडतीन, त्याले तिकीट."

गट यंदा महिलेसाठी राखीव सुटला होता. त्यांचं बोलणं संपायच्या आत माझ्या मनात वहिनी आली.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आम्ही ढिवर. गावच्या तलावातली मासेमारी आणि थोडी धानाची बांधी, यावर आमचं घर चालतं. वहिनी एकदा ग्रामपंचायतीत निवडून आली होती. त्या वेळी अर्धा तलाव बेशरमाच्या झुडपांनी गिळला होता, जाळं टाकायला जागा उरली नव्हती. पंचायत समितीत खेटे घालून काही होईना, तेव्हा ती गावच्या बायांना घेऊन गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि साहेब काठावर येईपर्यंत बाहेर निघाली नाही. तलाव साफ झाला. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या बाया रेशनचं काही अडलं, घरकुलाचं अडलं की तिच्याकडे येतात.

मी तिला विचारलं तेव्हा ती जाळं विणत बसली होती.

"भाऊजी, तिकीट आपल्यासारख्याले देत असते का कोनी?"

"यंदा आपनच देनार हावो, वहिनी. कार्यकर्ते."

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "तुले वाटत असन तं उभी राह्य."

दुसरी इच्छुक एका माजी सरपंचाची सून होती. शिकलेली, बोलायला चांगली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, आजही नाही. आम्ही दोन्हीकडचे लोक धान कापणीच्या दिवसांत गावोगाव फिरलो. सकाळी बांधीत, दुपारनंतर मोटरसायकलवर. वहिनी मागे बसायची, डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून. आपल्याच पक्षाच्या माणसाच्या अंगणात जाऊन त्यालाच मत मागायचं, हे आम्हा दोघांनाही नवीन होतं. एका गावात एक म्हातारे कार्यकर्ते पुंजण्याजवळ, कापलेल्या धानाच्या ढिगापाशी, बसले होते. मी तरुण होतो तेव्हापासून त्यांना झेंडा धरून पाहत आलो आहे. वहिनीचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बाई, आतापावतर मले कोनी इचारलं नोतं. मत तुलेच देतो, पन पक्षानं मले इचारलं, याचाच मले जास्त आनंद झाला."

मलाही तसंच झालं होतं. त्या पंधरवड्यात मी जितका खूश होतो, तितका पक्षात आल्यापासून कधीच नव्हतो. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मतदान ब्रह्मपुरीतल्या एका मंगल कार्यालयात झालं. नागपूरहून एक निरीक्षक आले होते. लोक जीपगाड्यांत कोंबून, एसटीने, सायकलीने आले. कापणी टाकून आले. डबा सगळ्यांसमोर रिकामा करून दाखवला, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजल्या. वहिनी जिंकली, आणि थोडक्यात नाही, चांगली जिंकली. माजी सरपंचाच्या सुनेने स्वतः येऊन तिला कुंकू लावलं. कोणीतरी गुलाल आणलाच होता. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

मग निरीक्षकांनी माइक घेतला. लोकशाहीबद्दल बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "हा कार्यकर्त्यांचा कल आहे. अंतिम निर्णय पक्षश्रेष्ठी घेतील."

माझ्या बाजूला तालुकाध्यक्ष उभे होते. मी विचारलं, "भाऊ, कल म्हनजे? निवड झाली ना?"

"बोलाची पद्धत असते तशी," ते म्हणाले. "काळजी नका करू."

पुढे चंद्रपूरला मुलाखत झाली. ज्यांना कार्यकर्त्यांनी निवडलं त्यांची परत मुलाखत कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हेही मला आता ठरवता येत नाही. वहिनीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. विश्रामगृहाच्या बाहेर दिवसभर बसलो. आत बोलावलं तेव्हा मलाही सोबत जाऊ दिलं. टेबलामागे चार माणसं होती. तलावाबद्दल कोणी विचारलं नाही. गटात आपल्या समाजाची मतं किती, समोर कोण असेल, असं विचारत गेले. मग एकाने विचारलं, "तुमच्याकडे गाड्या किती आहेत? प्रचाराला?"

वहिनी म्हणाली, "भाऊजीची मोटरसायकल हाये. अन् तलावात चालवाचा आमचा डोंगा हाये."

ते हसले. वाईट हसले असं म्हणता येणार नाही, पण हसले. वहिनीही थोडी हसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "खरं सांगतलं तं हसले काऊन?"

मी म्हणालो, "त्याईले आवडलं तुमचं बोलनं." मला तसं खरंच वाटलं होतं.

त्यानंतर फोन नाही. मी करायचो, तालुकाध्यक्ष म्हणायचे, यादी येऊन राहिली आहे. अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला तरी यादी येतच होती. "अर्ज भरून ठेवा," ते म्हणाले, "एबी फॉर्म मी हातात आनून देतो." पक्षाचा एबी फॉर्म जोडला नाही तर उमेदवार अपक्ष धरतात. वहिनीने अर्ज भरला. आम्ही तहसीलच्या आवारात झाडाखाली थांबलो. गावातून पन्नासेक माणसं आली होती, मंगल कार्यालयातले कितीतरी चेहरे होते.

तीन वाजायला, म्हणजे मुदत संपायला, थोडा वेळ असताना एक मोठी गाडी आत आली. तालुकाध्यक्ष उतरले, त्यांच्या हातात फॉर्म होता. त्यांच्या मागून एक कंत्राटदार उतरला, जो महिन्याभरापूर्वीपर्यंत दुसऱ्या पक्षात होता, आणि त्याची बायको. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिलाही बहुतेक सकाळीच सांगितलं असावं.

तालुकाध्यक्ष धावत माझ्याकडे आले. "भाऊ, लवकर चला. सूचक पाहिजे, या गटातला मतदार. याईचं नाव बाहेरच्या गटात हाये."

मला क्षणभर कळलंच नाही. "कोनाचा सूचक?"

"याईचा. बाईचा. वरून नाव बदललं. मलेबी गाडीत बसल्यावर कळलं. वेळ नाई, सही करा."

"मी नाई करत."

"भाऊ, पक्षाचा अर्ज बाद होईन!"

"होऊ द्या."

मी ते मोठ्याने म्हणालो. वाटलं, आता इथे सगळं थांबेल. काहीच थांबलं नाही. माझ्या मागून एक हात पुढे आला आणि त्याने पेन घेतला. मंगल कार्यालयात वहिनीच्या अंगावर ज्याने पहिला गुलाल टाकला होता, त्याचाच हात. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "पक्ष हाये ना भाऊ, का करता." ते सगळे आत गेले.

ते बाहेर आले तेव्हा वहिनी पायऱ्यांपाशी उभी होती. ओरडली नाही. तालुकाध्यक्षांना म्हणाली, "भाऊ, तिकीट द्याचं नोतं तं नका देऊ. माहा काही हक्क नाई त्याच्यावर. पन मंग आमाले इचारलं काऊन? इतके लोक कापनी टाकून आले होते, त्याईले काऊन बोलावलं?"

ते म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात काही नाई."

"मंग कोनाच्या हातात हाये? त्याचं नाव सांगा, मी त्याले इचारतो."

ते गाडीकडे वळले. मला वाटतं, नाव त्यांनाही नीट माहीत नव्हतं. नागपूर म्हणायचं मुंबईने केलं, चंद्रपूर म्हणायचं नागपूरने केलं.

अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत घरी पक्षाची माणसं येत राहिली. चहा प्यायची, वहिनीला एखाद्या कमिटीवर घेऊ म्हणायची. आम्हाला कधी नव्हे ते "साहेब" म्हणायची. भावाने एकदाच तोंड उघडलं. "तिले लोकाईनं निवडलं हाये. तिनं काऊन माघार घ्यावं?" वहिनी अपक्ष राहिली. चिन्ह मिळालं कपबशी. मला पक्षातून निलंबित केल्याचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, तेही सगळ्या ग्रुपवर, मला सोडून. पुतण्याने दाखवलं म्हणून कळलं.

प्रचारात खरं दुखलं ते वेगळंच. ज्यांनी वहिनीला निवडलं होतं, त्यांतले बरेच जण कंत्राटदाराच्या गाड्यांत बसून आमच्याच गावांतून फिरत होते. समोर आले की मोबाईल काढून बघायचे. पुंजण्याजवळचे ते म्हातारे कार्यकर्ते तेवढे आमच्यासोबत चालले, दम लागेपर्यंत. बाकीच्यांवर मी चिडायचो. वहिनी म्हणायची, त्यांची कामं अडतात, त्यांना त्याच लोकांत राहायचं आहे. मला ते पटायचं नाही. आजही पटत नाही.

वहिनी हरली. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत तिला भरपूर मतं पडली, पुढे गेल्यावर कमी होत गेली. कंत्राटदाराची बायकोही हरली. तिसऱ्याच पक्षाची बाई निवडून आली. आणि आता तालुक्यात कोणीही भेटलं की म्हणतं, तुमच्या घरच्यांनी सीट पाडली. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर एकाने मला तोंडावर सुनावलं. मी म्हणालो, सीट मंगल कार्यालयात निवडून आली होती, ती पाडली तुम्ही. तो म्हणाला, "तो निस्ता कल होता."

मी त्याला मारलं नाही एवढंच. दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन गेले, मी गेलो नाही. जुन्या पक्षात परत घ्या असा अर्जही केला नाही. घरात झेंड्यांचा गठ्ठा पडून आहे. तो ठेववतही नाही आणि टाकवतही नाही. संध्याकाळी बातम्या लागल्या की मी उठून अंगणात जातो.

मागच्या बाजाराच्या दिवशी मी वहिनीसोबत ब्रह्मपुरीला मासोळी घेऊन बसलो होतो. तालुकाध्यक्ष पिशवी घेऊन आले. मला पाहून थोडे थबकले, पण मग समोर येऊन बसलेच. रोहू मागितला. वहिनीने त्यातल्या त्यात ताजा निवडला, खवले काढले, तुकडे केले. पिशवीत भरताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, राग नाई ना ठेवला?"

"राग हाये," वहिनी म्हणाली. "डोकंबी देऊ का? कालवनाले चांगलं लागते."

ते हो म्हणाले. तिने डोकं चिरून पिशवीत टाकलं, हात पाण्यात बुडवून धुतले आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाले का पाहिजे, बाई?"